धान कोणासाठीं?



सृष्टींत कांहीं हेतु आहे काय, तिची ही रचना कोणी योजून केलेली आहे काय, हा प्रश्न पंडितांचा समजला जातो. मी पंडित नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यांतील सावली येथें आणि आसपासच्या खेड्यांत छत्तीस वर्षें मुलांना मुळाक्षरें व पाढे शिकवून निवृत्त झालेला मी एक मॅट्रिक शिक्षक आहें. परंतु हा प्रश्न मजकडे ग्रंथांतून आला नाहीं. चवथीच्या वर्गांतील एका मुलानें तो मला विचारला, आणि त्या दिवशीं मला त्याचें उत्तर देतां आलें नाहीं. पुढें मीं जें थोडेंबहुत वाचलें तें पुष्कळसें त्या एका मुलाचें देणें फेडावें म्हणून वाचलें. आज आपणांपुढें ठेवणार आहें तो त्याच वाचनाचा हिशेब होय.

मूल सोडून गडचिरोलीच्या रस्त्यानें निघालें कीं वाटेंत सावली लागते. पुढें वैनगंगा ओलांडली म्हणजे गडचिरोली. हा सारा मुलूख धानाचा, तळ्यांचा आणि जंगलाचा. गांवाच्या एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला रान, आणि या दोहोंच्या मध्यें माणसांची वस्ती. अशा ठिकाणीं निसर्गपाठ शिकविण्यास चित्रें लागत नाहींत. मी मुलांना व्हरांड्यांत बसवीत असें आणि समोर दिसेल त्या वस्तूकडे बोट दाखवून विचारीत असें : गाय कशासाठीं? मुलें एका सुरांत सांगत, दुधासाठीं. मोह कशासाठीं? फुलांसाठीं. पाऊस कशासाठीं? धानासाठीं. आणि धान कशासाठीं? “आपल्यासाठीं!” हें शेवटचें उत्तर देतांना मुलांना मोठा आनंद होई, आणि मलाहि वाटे कीं आज आपण मुलांना सृष्टीचे उपकार समजावून दिले.

पंचवीस वर्षांपूर्वींची गोष्ट. चैत्राचे दिवस होते. मोहाचीं फुलें पहाटे गळतात, म्हणून बायका उजाडण्याच्या सुमारास टोपल्या घेऊन रानांत जातात. माझ्या वर्गांतील एका मुलाची आई तशीच गेली आणि परत आली नाहीं. तिला वाघानें नेलें. आठ-दहा दिवसांनीं मुलगा शाळेंत येऊं लागला. दुर्दैवानें त्या दिवशीं माझा तोच पाठ चालला होता. धान कोणासाठीं येथपर्यंत आम्हीं आलों, आणि तो उभा राहिला. “गुरुजी, मंग वाघ कायले बनवला जी?”

मीं पुस्तकांतलें उत्तर दिलें. वाघ नसेल तर हरणें माजतील, तीं सगळें रान खाऊन टाकतील. रानाचा तोल राहावा म्हणून वाघ. त्यानें तें ऐकून घेतलें, क्षणभर विचार केला, आणि म्हणाला, “मंग माही माय का हरीण होती जी?”

मीं पाठ फिरविली आणि पुसलेलाच फळा पुन्हां पुसला.

आतां इतिहासाकडे वळूं. त्या मुलानें विचारलेला प्रश्न फार जुना आहे, आणि आपल्याकडे तर तो दुधाच्या निमित्तानेंच निघालेला आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेंत असें प्रतिपादन आहे, कीं दूध ही जड वस्तु, तिला बुद्धि नाहीं, तरी तें वासराच्या पोषणासाठीं वाहतें. त्याचप्रमाणें जड प्रकृति पुरुषाच्या मोक्षासाठीं आपोआप प्रवृत्त होते. म्हणजे हेतु आहे, पण तो मनांत धरणारा कोणी नाहीं. शंकराचार्यांना हें मान्य नव्हतें. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यांत त्यांनीं उलट विचारलें, कीं घरें आणि राजवाडे बुद्धिमान् कारागिरावांचून उभे राहिलेले कोणीं पाहिले आहेत काय? दूध वाहतें तें गाय सचेतन आहे आणि तिला वासराची माया आहे म्हणून. दोन्ही पक्ष मोठे. परंतु एका गोष्टीविषयीं दोघांचेंहि एकमत होतें, तें म्हणजे दूध वासरासाठीं आहे. माझ्या वर्गांतील मुलें “दूध आपल्यासाठीं” असें म्हणत आणि मी मान डोलवीत असें. सांख्यांनीं निदान वासराला तरी विसरूं दिलें नव्हतें.

पाश्चात्य देशांत हा वाद एका घड्याळावरून रंगला. १८०२ सालीं इंग्लंडांतील विल्यम पेले या धर्मोपदेशकानें एक ग्रंथ लिहिला. त्याचा मुद्दा सर्वांना चटकन् पटेल असा होता. माळरानावर चालतांना पायाला दगड लागला तर तो तेथें कसा आला असें कोणी विचारीत नाहीं. परंतु तेथें घड्याळ सांपडलें तर त्याचीं चक्रें, कमान, कांटे एकमेकांशीं जुळवून बसविलेलीं पाहून हें कोणीतरी घडविलें आहे असें आपण निःशंकपणें म्हणतों. मग डोळा हा घड्याळाहून कितीतरी अधिक नाजूक. त्याचा घडविणारा नसेल कसा? डार्विन विद्यार्थी असतांना हा ग्रंथ त्याला अतिशय आवडला होता, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. हें घड्याळ श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें. पुढें तें चंद्रपूर जिल्ह्यांतील एका बांधींत सांपडणार आहे.

पेलेच्या कल्पनेंत वाढलेल्या पिढींतला एक मनुष्य १८४५ सालीं नागपुरास आला. स्टीफन हिस्लॉप हें त्याचें नांव. पुढें ज्याच्या नांवानें नागपुरांत हिस्लॉप कॉलेज झालें तोच हा स्कॉटिश मिशनरी. धर्मप्रसार हें त्याचें काम, शाळा हें त्याचें साधन, आणि दगड फोडणें हा त्याचा छंद. रॉबर्ट हंटर या आपल्या सहकाऱ्याबरोबर हातोडी घेऊन तो नागपूरच्या दक्षिणेस वर्धेच्या खोऱ्यापर्यंत फिरे. मिशनऱ्याला छंदहि ईश्वराच्या कारागिरीचा पुरावा गोळा करण्याचाच जडावा, हें स्वाभाविक आहे. मांगली या गांवच्या वालुकाश्मांत त्याच्या हातीं एका प्राण्याची कवटी आली. ती विलायतेस गेली, आणि १८५५ सालीं रिचर्ड ओवेन या प्रख्यात शरीरशास्त्रज्ञानें तिचें वर्णन प्रसिद्ध करून तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असें नांव दिलें. आंखूड तोंडाचा आणि रुंद डोक्याचा असा त्याचा अर्थ. ओवेननें त्याला सरपटणारा प्राणी मानलें. आज शास्त्रज्ञ त्याला बेडकाच्या दूरच्या गोतांतला, जळांत व स्थळांत दोहोंकडे वावरणारा प्राणी समजतात. त्याचा काळ सुमारें पंचवीस कोटि वर्षांपूर्वींचा.

ओवेन हा सामान्य मनुष्य नव्हे. ‘डायनोसॉर’ हा शब्द १८४२ सालीं त्यानेंच घडविला. माशाचा पर, पक्ष्याचा पंख, घोड्याचा पाय आणि माणसाचा हात यांच्या हाडांची मांडणी एकाच धाटणीची आहे, हें त्यानें फार बारकाईनें दाखविलें होतें. आणि ही मूळ धाटणी ईश्वराच्या मनांतील कल्पना होय, असा त्याचा सिद्धांत होता. १८५९ सालीं डार्विनचा ग्रंथ निघाला तेव्हां त्याच हाडांचा दुसरा अर्थ लागला : धाटणी एक, कारण पूर्वज एक. ओवेनला तें सोसलें नाहीं. पुढल्याच वर्षीं ‘एडिंबरो रिव्ह्यू’ या त्रैमासिकांत त्यानें आपलें नांव न घालतां डार्विनवर कडक टीका लिहिली. विद्वानांचेंहि मन असेंच असतें. स्वतः खणलेल्या विहिरीचें पाणी दुसऱ्यानें काढलें म्हणजे तें खारट लागतें.

हिस्लॉपला हा वाद फार काळ पाहतां आला नाहीं. सप्टेंबर १८६३ मध्यें टाकळघाटचीं प्राचीन शिलावर्तुळें पाहून घोड्यावरून परत येतांना बोरीजवळच्या नाल्याला आलेल्या पुरांत तो रात्रीं बुडाला. त्याच्या मागें राहिलेले कागद रिचर्ड टेंपलनें १८६६ सालीं छापले, आणि त्यांत दगडांहून निराळी अशी एक वस्तु निघाली. तें गोंडांचें लिंगोचें गीत. या गीतांत लिंगो आणि त्याचे भाऊ रान तोडून धान पेरतात, आणि उभें पीक नीलगाईंचा कळप येऊन फस्त करतो. मला हा भाग वाचतांना हसूं आलें. आमच्या वर्गांत धान कोणासाठीं याचें उत्तर ठरलेलें होतें. गोंड गायकाला तें इतकें पक्कें वाटलेलें दिसत नाहीं. ज्यानें रानाच्या कांठीं शेत केलें आहे त्याला हा संशय लवकर येतो.

डार्विनचें म्हणणें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे, कारण त्याचा विपर्यास फार झाला आहे. त्यानें योजना नाकारली म्हणजे सर्व कांहीं अपघातानें झालें असें सांगितलें, अशी समजूत आहे. तसें नव्हे. मी आमच्याकडचें उदाहरण देतों. धानाच्या बांधींत एक तण असतें. कोवळेपणीं तें धानापासून ओळखूं येत नाहीं, निंदणाऱ्या बाईची नजर सराईत असली तरी तिलाहि चकवा बसतो. हें तण धानासारखें कोणीं केलें? कोणी विचारलें तर घड्याळवाल्या पेलेला सांगावें लागेल, कीं कोण्या कुशल कारागिरानें तणाला धानाचा वेष दिला. खरी गोष्ट अशी, कीं हजारों वर्षें जेथें जेथें धान झालें तेथें तेथें बायकांनीं निंदण केलें. जें तण निराळें दिसलें तें उपटलें गेलें, जें धानासारखें दिसलें तें चुकून राहिलें, त्याचें बीं पडलें. पुन्हां निंदण, पुन्हां तेंच. निंदणाऱ्या हातांनींच तणाला हा वेष चढविला, आणि तोहि त्यांच्या इच्छेच्या अगदीं विरुद्ध. रचना आहे, ती अचूक आहे, परंतु योजणारा कोणी नाहीं. पिढ्यांमागून पिढ्यांची चाळणी तेवढी आहे. डोळा काय, वाघाचा पंजा काय, याच चाळणींतून उतरले आहेत.

मराठी वाचकांपर्यंत हे विचार पोहोंचले ते एकाच वाटेनें नव्हेत. गोपाळ गणेश आगरकरांनीं १८८८ सालीं ‘सुधारक’ पत्र काढलें. त्यांनीं ‘देवतोत्पत्ति’ या निबंधांत प्रश्नच फिरविला : देवांनीं सृष्टि कशी केली हें सोडून माणसाच्या मनांत देवांची कल्पना कशी उत्पन्न झाली हें त्यांनीं विचारलें. ज्योतिराव फुल्यांची वाट वेगळी. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकांत निर्मिक आहे, आणि त्याचा हेतुहि आहे. परंतु तो हेतु असा, कीं ही पृथ्वी व तिच्यावरील सर्व वस्तु त्यानें सर्व मानवांसाठीं सारख्याच निर्माण केल्या. ज्यांना विहिरीवर पाणी भरूं देत नाहींत त्यांच्या बाजूनें तो हेतु उभा राहतो. हेतुवाद नेहमीं बलवंताच्याच उपयोगाचा असतो असें म्हणणाऱ्यांनीं हें पुस्तक आधीं वाचावें. लोकमान्यांनीं मंडालेच्या तुरुंगांत लिहिलेल्या व १९१५ सालीं छापलेल्या ‘गीतारहस्यां’त सांख्यांचा गुणोत्कर्ष आणि पाश्चात्यांची उत्क्रांति शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं, व हेकेलसारख्या जडवाद्यालाहि आदरानें वाचून मग त्याच्याशीं मतभेद दाखविला. मला या तिघांपैकीं कोणाच्याहि पंगतीला बसण्याची योग्यता नाहीं. परंतु तिघांचेंहि वाचून माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न सुटला नाहीं, हेंहि प्रामाणिकपणें सांगतों. तो सुटूं लागला तो वरोरा तालुक्यांतल्या एका खेड्याच्या शेतांत.

पिसदुरा हें त्या खेड्याचें नांव. हिस्लॉपच्या काळापासून भूगर्भशास्त्रज्ञांना तें ठाऊक आहे. तेथील शेतांत मोठाल्या हाडांचे दगड झालेले तुकडे सांपडतात, आणि त्यांच्याबरोबर गोल, लांबट, वळ्या पडलेले कांहीं गोळे सांपडतात. श्रोत्यांनीं क्षमा करावी, ते गोळे म्हणजे विष्ठा होय. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं या भागांत वावरणाऱ्या अजस्र, लांब मानेच्या डायनोसॉरांची ती विष्ठा दगड होऊन राहिली आहे. मॅटली नांवाच्या शास्त्रज्ञानें १९३९ सालीं त्यांवर एक लेखच लिहिला. घरंदाज माणसानें हातीं धरूं नये अशी ही वस्तु. पण तिच्यांत जें निघालें त्यानें माझा जुना पाठ पार उलटून टाकला.

धानाच्या रोवणींत ज्यांनीं हात घातला असेल त्यांना ठाऊक आहे, कीं धानाचें पातें बोट कापतें. गवताच्या जातीच्या झाडांत गारेचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, आणि गंमत अशी, कीं जातीजातींत त्या कणांचा आकार निराळा असतो. पान कुजतें, जनावराच्या पोटांत जिरतें, पण गारेचा कण तसाच राहतो. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं पिसदुऱ्याच्या या गोळ्यांत ते कण शोधले, आणि २००५ सालीं जाहीर केलें कीं त्यांत निदान पांच प्रकारचीं गवतें आहेत. तोंवर अशी समजूत होती कीं डायनोसॉर होते तेव्हां गवत नव्हतेंच म्हटलें तरी चालेल. पुढें २०११ सालीं त्याच भूस्तरांतील कणांवरून त्यांनीं असें दाखविलें, कीं त्या गवतांत धान ज्या कुळांतलें आहे त्या कुळाचे पूर्वजहि होते.

हें प्रथम वाचलें तेव्हां मी पुस्तक मिटून अंगणांत येऊन बसलों. आमच्याच जिल्ह्यांत, साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं, धानाचें कूळ उगवत होतें, आणि तें खाणारा होता एक राक्षसी सरडा! आपली मनुष्यजात या पृथ्वीवर येऊन तीन लाख वर्षें झालीं असें समजतात. माणसानें धान पेरावयास लागून दहा हजार वर्षेंहि धड झालीं नसतील. मग मधल्या साऱ्या काळांत धान कोणासाठीं उगवलें? त्याला कोणाची वाट पाहावयाची नव्हती. तें आपल्या बियांसाठीं उगवलें. आजहि रानधान पाहा : दाणा पिकला कीं तो आपोआप गळून चिखलांत पडतो, कारण गळण्यांतच त्याचा वंश टिकतो. दाणा ओंबीला धरून ठेवणारें धान हें माणसाच्या हातचें आहे. ज्या रोपाचे दाणे गळले ते मातींत गेले, ज्याचे राहिले ते कापणाऱ्याच्या टोपलींत आले आणि पुढल्या सालीं पेरले गेले. धान आपल्यासाठीं नव्हतें. आपणच तें आपलेंसें करून घेतलें.

आणि करून घेणें म्हणजे काय, तें आमच्या जिल्ह्यानें जगाला दाखविलें आहे. नागभीड तालुक्यांतील नांदेड या खेड्यांत दादाजी रामाजी खोब्रागडे नांवाचे एक अल्पभूधारक शेतकरी होते. शाळेंत त्यांचें जाणें बेताचेंच झालेलें. १९८३ सालीं ‘पटेल ३’ जातीच्या धानाच्या बांधींत त्यांना दोन-तीन लोंब्या निराळ्या दिसल्या. शेजारच्या शंभर माणसांनीं त्या पाहून न पाहिल्यासारखें केलें असतें. त्यांनीं त्या बाजूला ठेवल्या, पुढल्या वर्षीं वेगळ्या पेरल्या, त्यांतून पुन्हां निवडल्या, आणि असें कित्येक वर्षें केलें. बारीक, चवदार, भरघोस येणारा असा तो तांदूळ निघाला. १९९० च्या सुमारास तो बाजारांत आला तेव्हां व्यापाऱ्यांनीं त्याला त्या काळीं घराघरांत मनगटावर असलेल्या घड्याळाचें नांव दिलें : एचएमटी. आज विदर्भांतच काय, दूरदूरच्या शहरांतहि हें नांव तांदळाच्या पोत्यावर दिसतें. २००५ सालीं त्यांच्या या कामाचा राष्ट्रीय पातळीवर गौरव झाला. २०१८ सालीं ते वारले.

पेलेचें घड्याळ सांपडेल असें मीं म्हटलें होतें, तें हें. माळावर घड्याळ सांपडलें तर घडविणारा शोधा, असें पेले म्हणाला. या घड्याळाचा घडविणारा खरोखरच होता, आणि त्याचें नांव-गांव आपणांस ठाऊक आहे. परंतु दादाजींनीं लोंबी घडविली नाहीं. ती निराळी लोंबी सृष्टीनें, कोणालाहि न विचारतां, कोणासाठींहि म्हणून नव्हे, अशीच दिली होती. दादाजींनीं ती ओळखली आणि निवडली. हेतु होता तो निवडणाऱ्या माणसाच्या ठिकाणीं, लोंबीच्या ठिकाणीं नव्हता. डार्विननें आपल्या ग्रंथाचा पहिला अध्याय शेतकरी आणि पक्षी पाळणारे यांच्या निवडीवर खर्चिला, तो याचसाठीं : आधीं हेतूसहित निवड दाखवावी, आणि मग तीच निवड हेतूवांचून कशी चालते तें सांगावें.

एवढें झाल्यावर कोणी म्हणेल, गुरुजी, हें सर्व ठीक. पण सृष्टींत हेतु मानल्यानें कोणाचें काय बिघडतें? मनाला धीर येतो. मी या धीराला कमी लेखीत नाहीं. मीहि संध्याकाळीं देवापुढें दिवा लावतों. परंतु बिघडतें तें कोठें, हें दाखविण्यासाठीं मला एका फार मोठ्या पुरुषाचें नांव घेतलें पाहिजे. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत भयंकर भूकंप झाला, हजारों माणसें मेलीं. गांधीजी तेव्हां अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर होते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाचें ईश्वरानें दिलेलें शासन होय, असें ते म्हणाले. रवींद्रनाथांना तें सहन झालें नाहीं. अस्पृश्यतेचा धिक्कार ते गांधीजींइतकाच करीत; परंतु सृष्टींतील उत्पातांचीं कारणें सृष्टींतच शोधलीं पाहिजेत असें त्यांनीं स्पष्ट कळविलें. गांधीजींनीं त्यांचें तें पत्रक आपल्याच ‘हरिजन’ पत्रांत छापलें आणि खालीं आपलें उत्तर दिलें. माझी श्रद्धा ढळत नाहीं असा त्याचा आशय होता. दोघांच्याहि थोरवीला शोभेल असा हा वाद झाला.

पुढें दोन वर्षांनीं, १९३६ सालीं, गांधी सेवा संघाची सभा भरली ती आमच्या सावलीला. सावली तेव्हां खादीचें केंद्र होती. गांधीजी येथें येऊन राहिले होते, आणि आमच्या गांवाला त्याचा योग्य अभिमान आहे. मलाहि आहे. तरीहि या एका वादांत मी रवींद्रनाथांच्या बाजूला आहें, आणि याचें कारण पुस्तकी नाहीं. भूकंप शासन असेल तर ढिगाऱ्याखालीं सांपडलेलें मूल अपराधी ठरतें. गांधीजींच्या मनांत तसें खचितच नव्हतें. ते सर्वांचें पाप सर्वांवर, स्वतःवरहि, घेत होते. पण हेतूची भाषा गांधीजींच्या मुखांतून निघून गांवच्या पारावर आली म्हणजे तिचें काय होतें, तें मीं पाहिलें आहे.

त्या मुलाच्या आईला वाघानें नेलें तेव्हां गांवांत काय बोलणें झालें तें मीं अजून सांगितलें नाहीं. रानाच्या तोंडाशीं वाघोबाचें ठाणें आहे. रानांत शिरतांना तेथें हात जोडावेत अशी चाल. कोणी म्हणालें, ती त्या दिवशीं हात न जोडतां गेली. कोणी म्हणालें, तिला रानांत जाण्याचा तो दिवस नव्हता, बाईच्या जातीनें दिवस पाळावे. कोणी नवऱ्याकडे बोट दाखविलें. वाघ उगीच नेत नाहीं, यावर सगळ्यांचें एकमत झालें. हें सारें त्या मुलाच्या कानांवर पडत होतें. त्यानें वर्गांत मला विचारलें तें या बोलण्यावर विचारलें होतें, माझ्या निसर्गपाठावर नव्हे. हें मला पुष्कळ वर्षांनीं उमगलें. आणि मीं त्याला काय सांगितलें? कीं वाघालाहि नेमून दिलेलें काम आहे. म्हणजे पारावरच्या लोकांच्या बोलण्यावर मीं शाळेचा शिक्का मारला.

गेल्या दिवाळीनंतर तो मजकडे आला होता. आतां पस्तिशीच्या घरांत आहे, थोडी शेती करतो, उन्हाळ्यांत तेंदूपानें तोडतो. नव्या एचएमटीचे तांदूळ घेऊन आला होता. मीं त्याला बसवून घेतलें आणि पिसदुऱ्याच्या गोळ्यांपासून नीलगाईंपर्यंत सगळें सांगितलें, फार लांबण लावून. शेवटीं म्हणालों, “तूं मला एकदां विचारलें होतेंस, वाघ कायले बनवला. मीं तेव्हां चुकीचें सांगितलें. वाघ कोणासाठींहि बनवलेला नाहीं. तो त्याच्या पोटासाठीं हिंडतो. वनखात्याचे लोक सांगतात, वांकून फुलें वेचणारें माणूस त्याला चार पायांच्या सावजासारखें दिसतें. पहाटेचा अंधार, आणि ती वांकलेली. एवढेंच.”

तो खालीं पाहत होता. थोड्या वेळानें म्हणाला, “म्हणजे मायचं काई चुकलं नोतं जी.”

“नाहीं,” मी म्हणालों. “कांहींच चुकलें नव्हतें.”

तो बराच वेळ तसाच बसून राहिला. मग उठला, पिशवींतले तांदूळ आमच्या डब्यांत ओतले, पिशवी झटकून घडी केली, आणि उरलेलें धान चुरावयाचें होतें म्हणून लगबगीनें निघून गेला.